पुस्तक चांगलं की वाईट, त्याआधी ते वाचणार कोण?

ताई, तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. आधी मला काय समजलं ते सांगते. मुलगी साडेचार वर्षांची, मुलगा नुकताच पहिलीत गेलेला, शाळा सेमी-इंग्रजी. घरात मराठी, पण बिल्डिंगमधली सगळी पोरं हिंदीत खेळतात. सुट्टीत नागपूरच्या सीताबर्डीवरच्या एका प्रदर्शनातून तुम्ही १,८०० रुपयांची २२ पुस्तकं आणलीत, प्रत्येकावर 'वय ३ ते ६' छापलेलं. मुलगी त्यातली दोनच रोज मागते. मुलगा एकही धड वाचत नाही. दोन शब्द लावतो आणि मग चित्राकडं पाहून मनानंच काहीतरी ठोकून देतो. पैसे पाण्यात गेले असं वाटतंय. पुढच्या वेळी दुकानात उभ्या उभ्या पुस्तक पारखायचं कसं, पुस्तकामागं छापलेल्या 'लेव्हल'वर विश्वास ठेवायचा का, आणि मराठी आधी की इंग्रजी, हे तुम्ही विचारलंय.

मी दक्षिण नागपुरात घराच्या पुढच्या खोलीत मुलांचं वाचनालय चालवते. १७ वर्षं झाली. त्याआधी बालवाडीत होते. चित्रकलेचं किंवा भाषाशास्त्राचं शिक्षण माझं नाही. सांगतेय ते पुस्तकं फाटेपर्यंत हाताळणाऱ्या पोरांकडून शिकलेलं आहे, तेव्हा तितपतच धरा.

मला तुमची खरी अडचण वेगळी दिसते. तुम्ही २२च्या २२ पुस्तकं एकाच मापानं मोजताय: मुलाला वाचता येतं का? पण या वयाच्या पुस्तकांत दोन जाती आहेत. एक, जे मोठ्या माणसानं वाचून दाखवायचं. शब्द आईच्या तोंडात आणि चित्र मुलाच्या डोळ्यांत. याला चित्रपुस्तक म्हणू. दुसरं, जे मुलानं बोट ठेवून, अक्षर लावत, स्वतः वाचायचं. याला पहिल्या वाचनाचं पुस्तक म्हणू. पहिल्यात 'हिरमुसली', 'गडगडाट', 'धांदरट' असले भरदार शब्द हवेत, कारण रोजच्या बोलण्यात न येणारे शब्द मुलाच्या कानावर पडायची तीच जागा. दुसऱ्यात तेच शब्द आले की पोर पहिल्या पानावर रुतलं म्हणून समजा. दुकानात ही दोन्ही एकाच फळीवर, एकाच आकारात, एकाच 'वय ३ ते ६'खाली ठेवलेली असतात. तुमच्या मुलाला कदाचित आईनं वाचायची पुस्तकं एकट्यानं वाचायला मिळालीत. तसं असेल तर तो नापासही नाही आणि पुस्तकं वाईटही नाहीत.

काही गोष्टी तुमच्या घरावर अवलंबून आहेत, त्या मला इथून दिसत नाहीत. रात्री वाचून कोण दाखवतं? आजी वाचणार असतील तर गडद चित्रावर बारीक पांढऱ्या अक्षरांत छापलेलं पुस्तक कितीही देखणं असो, ते कपाटात पडून राहणार. दोघांना एकत्र घेऊन बसता की वेगवेगळं? आणि मुलगा फळ्यावरचं बघून लिहितो की शेजारच्याच्या वहीतून? हे शेवटचं मुद्दाम विचारतेय. अंदाजानं वाचणाऱ्या दोन पोरांना माझ्याकडं मागाहून चष्मा लागला, आणि तोवर सहा महिने मी त्यांना नुसती पुस्तकं बदलून देत बसले होते. तेव्हा एकदा डोळे तपासून घ्या, मग पुस्तकांकडं वळू.

आधी चित्रपुस्तकाचं बोलते, कारण त्यात सांगण्यासारखं जास्त आहे.

दुकानात पुस्तक हातात घेतलं की मी मजकूर वाचतच नाही. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत नुसती चित्रं बघत पानं उलटते. कोण आहे, त्याला काय हवंय, कुठं बिनसलं, एवढं अंदाजानं तरी कळायला हवं. मग उलटं करते: चित्रांवर हात ठेवून दोन-तीन पानांचा फक्त मजकूर वाचते. मजकूर एकटाच सगळं सांगून मोकळा होत असेल तर ते गोष्टीचं सचित्र पुस्तक. त्यात वाईट काही नाही, पण तिथं चित्राला काम नाही. चांगल्या चित्रपुस्तकात दोघं काम वाटून घेतात. समजा, मजकूर म्हणतो, 'बबन शहाण्यासारखा झोपून गेला.' आणि चित्रात बबनच्या पांघरुणातून मांजराची शेपटी बाहेर आलीय. शेपटीबद्दल मजकुरात अवाक्षर नाही. चार वर्षांच्या पोराला ती आईच्या आधी दिसते. आईला दिसलीच नाही हे कळल्यावर त्याचा जो चेहरा होतो, त्यासाठी ते पुस्तक उद्या पुन्हा मागतं. तुमच्या मुलीची ती दोन पुस्तकं काढून नीट बघा. त्यात अशी एखादी शेपटी असणार, किंवा मग कानाला गोड लागणारी, परत परत येणारी एखादी ओळ.

मुलं चित्र आपल्यापेक्षा बारकाईनं वाचतात, कारण त्यांना वाचता येईल असं पानावर तेवढंच असतं. माझ्याकडच्या एका पुस्तकात मजकूर होता, 'मनी टेबलाखाली लपली.' चित्रात मनी टेबलावर ऐटीत बसलेली. मी वाचून पुढं जाणार, तर पाच वर्षांच्या एका पोट्टीनं माझा हात धरला आणि म्हणाली, "मावशी, खोटं काहून वाचता?" लेखक आणि चित्रकार एकमेकांशी बोलले नव्हते, आणि खोटारडी मी ठरले! तेव्हापासून मी एक पात्र पकडून त्याच्या मागोमाग सगळं पुस्तक चाळते. फ्रॉकचा रंग तोच आहे ना, दोन वेण्यांची पुढच्या पानावर एक झाली नाही ना, सकाळी सुरू झालेल्या गोष्टीत खिडकीबाहेर मध्येच चांदणं तर नाही ना. हे बहुतेक वेळा कुठं बिघडलेलं सापडतं तेही सांगते: दहाच्या संचात येणाऱ्या त्या चकचकीत पुस्तकांत, ज्यांत तयार चित्रं उचलून मजकुराशेजारी चिकटवलेली असतात. ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे मुखपृष्ठावर किंवा पहिल्या पानावर चित्रकाराचं नाव शोधा. तेच नाही, लेखकाचंही नाही, फक्त 'संपादक मंडळ' असेल, तर मी पुस्तक खाली ठेवते. क्वचित एखादं चांगलं हातचं जात असेल, जाऊ दे.

दुसरं म्हणजे पुस्तक पूर्ण उघडून, आडवं करून बघा. समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेलं मोठं चित्र मधल्या घडीत जातं, आणि ज्यानं मांडणी केली त्यानं हे लक्षात घेतलेलं असतंच असं नाही. एका पुस्तकात सगळी गंमत ज्या कावळ्याची, तो कावळाच घडीत सापडलेला. चोच डावीकडं, शेपूट उजवीकडं. पोरं त्याला बाहेर काढायला पुस्तक ताणायची. दोन महिन्यांत कावळाही गेला आणि पुस्तकही.

पान उलटण्याची जागा हीसुद्धा गोष्टीचाच भाग असते. 'आणि दार उघडून बघतो तर काय…' इथं पान संपलं पाहिजे. 'तर काय, समोर आजोबा' हे सगळं त्याच पानावर आलं तर पान उलटायची ओढ कशाला राहील? दुकानात तीन-चार पानांच्या शेवटच्या ओळी तेवढ्या वाचल्या तरी अंदाज येतो.

लहान मुलांची चित्रपुस्तकं बहुधा १६, २४ किंवा ३२ पानांची असतात. छापखान्यात मोठ्या तावावर आठ-सोळा पानांचा फॉर्म छापून त्याची घडी घालतात, म्हणून हे आकडे. ३२ पानांत नामावळी, शीर्षक वगैरे वजा केलं तर गोष्ट सांगायला बारा-चौदा उघडी जोडपानं मिळतात. हे गणित ज्याला साधलेलं नसतं त्याची गोष्ट रमतगमत येते आणि शेवटच्या दोन पानांत सगळं उरकून टाकते: चोर सापडतो, माफी मागतो, सगळे हसतात, खाली जाड अक्षरांत तात्पर्य. तात्पर्याबाबत माझं मत जरा तिखट आहे. गोष्ट चांगली पण शेवटी 'म्हणून मुलांनो' आलं, तर मी त्या ओळीवर कागदाची पट्टी चिकटवते आणि वाचते. बहुतेक गोष्टी पट्टीसकट मस्त चालतात. पट्टीखाली काय आहे ते बघायला पोरं ती नखानं सोलतात, तो भाग वेगळा.

मग एक पान मोठ्यानं वाचायचं. दुकानात लाज वाटत असेल तर मोबाइल कानाला लावून वाचा, कोणी बघत नाही. जीभ कुठं अडखळते तिथं लक्ष द्या. मराठीत चित्रपुस्तकं बरीचशी भाषांतरित असतात. त्याला माझी हरकत नाही, माझी आवडती कितीतरी तशीच आहेत. पण भाषांतर कच्चं असेल तर ते तोंडात लगेच कळतं. 'राजूने त्याचे दात घासले आणि त्याचे बूट घातले' हे वाक्य वाचलं तेव्हा एका मुलानं शांतपणे विचारलं, "कोणाचे?" बरोबरच आहे. आपण 'राजूनं दात घासले, बूट घातले' एवढंच म्हणतो. दुसऱ्या कोणाचे असते तर सांगितलं असतं. 'पिल्लू त्याच्या आईद्वारे मिठीत घेतलं गेलं' असं एक वाक्य मी पेन्सिलनं खोडून 'आईनं पिल्लाला पोटाशी धरलं' असं केलंय. एका पुस्तकात अशी तीन-चार वाक्यं असतील तर खोडून घ्यावीत. पानोपानी असतील तर दुसरं घ्यावं.

भाषेवरून आठवलं. पुस्तकं प्रमाण मराठीत, बहुधा पुण्या-मुंबईकडं लिहिलेली. पुस्तकात कोथिंबीर असते आणि आपली पोरं म्हणतात सांबार. पुस्तकात पातेलं, यांच्या घरी गंज. शेंगदाणे म्हणजे फल्ली. काही पालक तिथं मुलाला सुधारतात, काही पुस्तकाला नावं ठेवतात. दोन्ही नको. "ही बघ कोथिंबीर, आपला सांबार," असं म्हणून पुढं जायचं. मुलाला एकाऐवजी दोन शब्द मिळाले. हीच गोष्ट चित्रांची. एका पुस्तकात खोलीच्या कोपऱ्यात चाकं लावलेला लाकडी बैल काढलाय, गोष्टीशी त्याचा काही संबंध नाही. पुण्याहून सुट्टीला आलेल्या माझ्या भाचीनं ते पान तसंच उलटलं. इथली पोरं मात्र तिथं पाच मिनिटं थांबतात, कारण तान्ह्या पोळ्याला प्रत्येकानं तसला बैल सजवून मिरवलेला असतो. कोणाच्या बैलाला किती घुंगरं होती इथून जे सुरू होतं ते गोष्टीवर यायला वेळ लागतो. मी तो लागू देते. याचा अर्थ पुस्तकात आपलंच गाव हवं असा नाही. बर्फ आणि देवमासा आमच्या वाचनालयात भलतेच लोकप्रिय आहेत. फक्त संचातली सगळी मुलं गोरी, सोनेरी केसांची, चिमणी असलेल्या घरांत राहणारी असतील, किंवा प्रत्येक आई ओट्याशी आणि प्रत्येक बाबा पेपरात असतील, तर दोन-चार वेगळी पुस्तकं शोधून जोडीला ठेवा.

चरित्रांबद्दल दोन वाक्यं, कारण दसऱ्याला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे जे स्टॉल लागतात तिथून पालक मुलांसाठी हमखास चरित्र आणतात. साडेचार वर्षांच्या मुलीला जन्मतारीख, पदव्या आणि निधनाचं साल कळत नाही. एकच प्रसंग धरून सांगणारं, त्या थोर माणसाला लहान मूल म्हणून दाखवणारं पुस्तक घ्या. बाकीची चौथी-पाचवीसाठी ठेवा, वाया जात नाहीत.

इथवरचं थोडक्यात असं: नुसती चित्रं बघा, नुसता मजकूर वाचा, चित्रकाराचं नाव शोधा, घडी उघडा, एक पान तोंडानं म्हणा. सवय झाली की पाच मिनिटांच्या आत होतं.

आता मुलाचं. पहिल्या वाचनाच्या पुस्तकाला हे निकष लावून उपयोग नाही. तिथं प्रश्न असा की पानावर जे छापलंय ते या मुलाला, आज, लावता येईल का, आणि लावल्यावर काहीतरी हाती लागेल का.

मराठीचं एक सुख आहे: बरंचसं जसं लिहितो तसं बोलतो. पण सुरुवातीचा डोंगर मोठा. ३४ व्यंजनांची बाराखडी मांडली तरी चारशेच्या वर आकृत्या होतात, जोडाक्षरं वेगळीच. त्यात 'कि'ची वेलांटी डोळ्यांना आधी दिसते आणि तोंडात मागाहून येते. 'र' तर बहुरूपी. क्रम, अर्क, ट्रक, दऱ्या, चार शब्दांत चार सोंगं. 'चमचा'तला च आणि 'चिमणी'तला च लिहायला एक, म्हणायला दोन. बिल्डिंगमधल्या हिंदीची लिपीही हीच, हा फायदा आहे, पण 'ळ' आणि हा दुहेरी 'च' मराठीतच शिकावा लागेल.

म्हणून पुस्तक हातात घेतल्यावर मी एका पानावरची जोडाक्षरं मोजते. ही दोन वाक्यं बघा.

'माऊ घरात आली. माऊला भूक लागली.'

'स्वयंपाकघरातल्या फडताळावर दुधाचं पातेलं झाकून ठेवलेलं होतं.'

दोन्हींत शब्द जवळजवळ सारखेच, सहा आणि सात. पण पहिल्यात एकही जोडाक्षर नाही आणि 'माऊ' पुन्हा आलंय, म्हणजे दुसऱ्यांदा फुकट वाचता येतं. दुसऱ्यातला पहिलाच शब्द पाहा. तो लावून होईपर्यंत 'स्व' विसरायला होतं. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात: घर, घरात, घरातल्या, घरासमोरच्यासारखं. त्यामुळं नुसते शब्द मोजून अवघडपणा कळत नाही.

लेव्हलची अडचण नेमकी हीच. प्रथम बुक्स या प्रकाशनाच्या पुस्तकांवर पहिली ते चौथी पातळी छापलेली असते: पहिली साधारण २५० शब्दांपर्यंत, दुसरी ६०० पर्यंत, तिसरी १,५०० पर्यंत, चौथी त्याहून मोठी. शब्दांबरोबर विषय आणि वाक्यंही सोपी-अवघड करत नेलेली असतात, आणि चाळणी म्हणून ते उपयोगी आहे, मी वापरते. पण तेच पुस्तक अनेक भाषांत निघतं आणि पातळी बहुधा तीच राहते. इंग्रजीत तीन अक्षरी असलेला शब्द मराठीत जोडाक्षर घेऊन आला तरी मागचा आकडा बदलत नाही. शिवाय एका प्रकाशकाची दुसरी पातळी म्हणजे दुसऱ्याची दुसरी नव्हे, आणि इंग्रजी पुस्तकांवरच्या परदेशी श्रेणींचा मराठीशी काही संबंध नाही. तेव्हा लेव्हल बघा, आणि मग पान उघडून स्वतःही बघा.

जोडाक्षरं टाळायची म्हणून दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. 'कमल उठ. नळ बघ. जग भर. छगन, कप धर.' अशी पुस्तकं ढिगानं आहेत. मुलगा ती खडाखडा वाचतो आणि संपल्यावर त्याच्या हाती काही नसतं. कमलनं जग भरलं, मग काय? तेवढ्याच अक्षरांत गोष्ट होऊ शकते:

'आई, खार!
खार? कुठं?
झाडावर.
आता?
आता नाही. गेली.'

हे मी वर्गासाठी फळ्यावर लिहिलेलं, फार मोठं काही नाही. पण 'गेली' वाचल्यावर पोरं खिडकीकडं बघतात. पुस्तक निवडताना एवढंच बघायचं: लावलेल्या शब्दांचं बक्षीस वाचणाऱ्याला पानावरच मिळतंय का.

चित्र इथं वेगळं काम करतं. पहिल्या वाचनात चित्रानं आधार द्यावा, उत्तर फोडू नये. 'हा हत्ती आहे' आणि वर भलामोठा हत्ती असेल तर शब्दाकडं बघायचं कारणच उरत नाही. तुमचा मुलगा चित्र बघून ठोकून देतो त्यात त्याची काही चूक नाही. पानावर गोष्ट असते हे त्याला कळलंय, फक्त ती अक्षरांत आहे हे अजून सोयीचं वाटत नाही. एक करून बघा. ओळखीच्या पुस्तकातलं एक पान घ्या, चित्रावर तळहात ठेवा आणि रागावल्याचा आव न आणता म्हणा, "आता अक्षरं काय म्हणतायत?" बरोबर आलं तर हात काढून दोघांनी चित्रात खात्री करायची. आलं नाही तर शब्द तुम्ही सांगा आणि पुढं चला. रोज एकच पान. बाकीचं पुस्तक तुम्ही वाचा.

पुस्तक त्याच्या जोगतं आहे का हे बघायला पाच बोटांची युक्ती सगळीकडं सांगतात: मुलानं एक पान वाचायचं, अडला की एक बोट मिटायचं, पाच मिटली तर पुस्तक आज अवघड. चालते ती. मी त्यात माझी भर घातलीय, की बोट मिटताना तो कशावर अडला ते बघायचं. अक्षरावर अडला ('द्धा' आलं) तर पुस्तक महिन्याभरानं परत काढा. शब्द नीट लावला पण अर्थ कळला नाही ('फडताळ' म्हणजे?) तर अडचण वाचनाची नाहीच, सांगून टाका. माझ्याकडची निम्मी बोटं दुसऱ्या कारणानं मिटतात.

छपाईकडं एक नजर टाका. अक्षर मोठं, शब्दांत मोकळी जागा, आणि ओळ अर्थाला धरून तुटलेली. 'आजीने पोपटाला / पेरू दिला' ठीक. 'आजीने पोपटाला पेरू / दिला' असं तुटलं की मूल 'पेरू'वर थांबतं आणि 'दिला' पोरका होतो. स्वस्त छपाईत 'ऱ्या'चा 'र' तुटून भलतंच चिन्ह येतं, तेही बघा. आणि 'ल' व 'श'. मराठी वळणाचे आणि हिंदी वळणाचे ल-श वेगळे दिसतात. शाळेत बालभारतीच्या पुस्तकात एक रूप, घरच्या पुस्तकात संगणकावरचं दुसरं, दुकानाच्या पाटीवर तिसरंच. मोठ्यांच्या लक्षातही येत नाही. पहिलीतला मुलगा मात्र 'लाल'वर थांबून तुमच्याकडं बघतो. शक्यतो मराठी वळणाचं घ्या. नसेलच तर दोन्ही रूपं एकदा शेजारी लिहून दाखवा, दोन मिनिटांचं काम आहे.

मराठी आधी की इंग्रजी? स्वतः वाचायला आधी मराठी, माझं मत पक्कं आहे. मूल शब्द लावतं तेव्हा तो ओळखीचा निघाला तर त्याला आनंद होतो. घरात बोलली जाते त्या भाषेत हे दर ओळीला घडतं. इंग्रजीत 'पुट' आणि 'बट'ची स्पेलिंगं बघून मोठी माणसंही हात टेकतात. एकदा मराठीत 'मी वाचलं' हे जमलं की इंग्रजीचा धीर आपोआप वाढतो, शाळेत ते चालू आहेच. वाचून दाखवायला मात्र कोणतीही भाषा चालेल, हिंदीसुद्धा. तुम्हाला जी सहज येते ती.

टिकाऊपणाचं पटकन. मधोमध पिना मारलेलं, म्हणजे सेंटर पिनचं पुस्तक पूर्ण उघडतं आणि पोरांच्या हातात टिकतं. नुसत्या डिंकावर चिकटवलेलं आपल्या मे महिन्यात कडक होतं आणि पानं पत्त्यांसारखी हातात येतात. माझा एक आख्खा संच एका उन्हाळ्यात असा गेला. मुलगी अजून पानं फाडत असेल तर एखाद-दुसरं जाड पुठ्ठ्याचं घ्या, पण साडेचारला आता त्याची गरज नसावी.

कुठून घ्यायचं? नॅशनल बुक ट्रस्ट, चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट आणि प्रथम बुक्सची पुस्तकं स्वस्त असतात. मराठीतल्या मूळ चित्रपुस्तकांसाठी पुण्याचं ज्योत्स्ना प्रकाशन बघा, चेन्नईच्या तूलिकाचीही मराठीत मिळतात. सगळी सारखी चांगली नाहीत, वरची परीक्षा त्यांनाही लावा. प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट वाचता येतात. मुलीला तिथं एखादी दोन-तीनदा वाचून दाखवायची, चौथ्यांदा मागितली तर छापील आणायची, असं केलंत तर १,८०० रुपयांत वर्ष निघेल.

राहिली तुमची २२ पुस्तकं. रविवारी सगळी जमिनीवर पसरा. मुलीची दोन बाजूला काढा, ती चांगली आहेत, मुलीनं सांगितलंय. उरलेल्यांत ज्यांत पानावर दोन-तीन छोट्या ओळी आणि मोजकी जोडाक्षरं आहेत ती मुलाच्या उशाशी; चार निघाली तरी पुष्कळ. भरपूर मजकुराची आणि चित्रं चांगली असलेली तुमच्याकडं, रात्री वाचायला. बाकीची खोक्यात घालून माळ्यावर टाका आणि दिवाळीत पुन्हा काढा, तेव्हा मुलगा वाचनात पुढं पोचलेला असेल. आणि दहाच्या संचातली, मनी कधी टेबलावर कधी टेबलाखाली असलेली जी निघतील ती अंगणवाडीला द्यायचा मोह होईल. देऊ नका. रद्दीवाला किलोनं घेतो.